नव्या कपाटाचा वास

माझी बायको गेली तेव्हा झिरकपूरच्या फ्लॅटमधलं सुतारकाम अर्ध्यावर आलेलं होतं.

तो आमचा पहिलाच फ्लॅट. ती मिरजेची, मी कराडचा. लग्नानंतर लगेचच आम्ही चंदीगडला आलो. तिला इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून नोकरी लागली आणि मला विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायची. दोन-चार वर्षं काढू आणि परत जाऊ असं ठरलं होतं. मग मुलगी झाली, तिची शाळा सुरू झाली, तिला मराठी सगळं समजायचं पण उत्तर हिंदीत यायला लागलं. परत जायचं बोलणं दर दिवाळीला निघायचं आणि भाऊबीजेपर्यंत मिटायचं. अशी सगळी वर्षं विद्यापीठाच्या क्वार्टरमध्ये गेली. विटांचं बैठं घर, पुढे हिरवळ, आत भिंतीतली सरकारी कपाटं. त्या कपाटांना दर काही वर्षांनी विद्यापीठाचा माणूस येऊन तोच तो पिवळट ऑइलपेंट फासून जायचा. रंग कुठला हवा असं त्यानं कधी विचारलं नाही आणि आम्हीही कधी सांगितलं नाही. त्या घरात एक खिळासुद्धा आमच्या मर्जीचा नव्हता, आणि त्याचं काही वाईटही वाटत नसे.

माझी निवृत्ती जवळ आली तेव्हा क्वार्टर सोडावं लागणार हे उघड होतं. विमानतळाच्या रस्त्याला, झिरकपूरला, सातव्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. आणि मग माझ्या लक्षात आलं की तिला घर सजवायची हौस होती. आयुष्यभर ती हौस कुठे होती कोण जाणे. ती दर रविवारी मला घेऊन प्लायवूडच्या दुकानात जाऊ लागली.

दुकान एका पंजाबी बाईंचं होतं. साठीच्या आसपासच्या, मोठ्या आवाजाच्या, गळ्यात चष्मा अडकवलेल्या. भिंतीला उभे केलेले मोठाले बोर्ड आणि टेबलावर नमुन्यांची जाडजूड पुस्तकं. बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेली फळी. तिच्यावर छापील कागद मेलामाइनच्या रेझिनमध्ये भिजवून, गरम प्रेसखाली दाबून चिकटवलेला असतो. फळी कारखान्यातूनच रंगासकट येते. कापायची, कडांना पट्टी लावायची, की कपाट तयार. हे सगळं मी वर्गात शिकवत आलो होतो, पण दुकानात उभा राहून कधी पाहिलं नव्हतं. सागवान, अक्रोड, ओक, शिसम, सगळं त्या पुस्तकात होतं, आणि सगळा कागद होता.

मला सागवानी हवं होतं. तिला साधा रंग.

"लाकूड नाही ना ते?" ती म्हणाली. "मग लाकडाचं सोंग कशाला?"

"सगळे लावतात."

"सगळे काय काय करतात. आणि हे बघ, ही गाठ इथे आहे, तीच गाठ खाली पुन्हा आहे, तीच शेजारच्या बोर्डवर. झाडाला असं असतं का कधी?"

दुकानाच्या बाईंना मराठी येत नव्हतं, पण भांडण कशावरून चाललंय हे त्यांना कळलं होतं. त्या हसत मला म्हणाल्या, "डॉक्टर साब, मान जाओ. घर तो मैडम का ही होता है."

मी मानलं नाही. तीही मानली नाही. दोन नमुन्यांचे वीतभर तुकडे घेऊन आम्ही घरी आलो. एक फिकट राखाडी-निळा, एक सागवानी. घरच्या उजेडात बघून ठरवू, असं ती म्हणाली. वाटेत आम्ही छोले-कुलचे खाल्ले. तिनं लोणचं मागून घेतलं. त्या रविवारचं याहून जास्त काही मला आठवत नाही, कारण लक्षात ठेवण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ती रुग्णालयात, ऑपरेशनआधी कपडे बदलायच्या खोलीत कोसळली. मेंदूत रक्तस्राव. मला फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. विद्यापीठातून रुग्णालय म्हणजे चालत जाण्याइतकं, मी चालतच गेलो. ती अतिदक्षता विभागात होती आणि तिच्या घशात नळी होती. ती नळी तिच्याच एका विद्यार्थिनीनं घातली होती. ती मुलगी बाहेर भिंतीला टेकून उभी होती. मला बघून म्हणाली, "सर, मैंने ही किया. मैडम ने जैसे सिखाया था, वैसे ही किया." मी तिला म्हणालो, "अच्छा किया, बेटा." दोन दिवसांनी बायको गेली.

मी रडलो नाही.

हे मी काही विशेष म्हणून सांगत नाही. मला रडू आवरावं लागलं नाही, ते आलंच नाही. मुलगी बंगळुरूहून आली, खूप रडली. थोरली बहीण, माझी ताई, कराडहून आली, तीही रडली. रुग्णालयातले सहकारी, विद्यापीठातले, इथल्या मराठी मंडळींपैकी जवळजवळ सगळे येऊन गेले. मी दारातल्या चपला बघत बसायचो. कोणाची टाच कुठल्या बाजूनं झिजली आहे, हे मला दिसायचं. लोक बोलायचे आणि मी मान हलवायचो. जेवण समोर आलं की जेवायचो. भाजीत मीठ नसलं तरी कळायचं नाही, एकदा ताईनंच पहिल्या घासाला ओरडून ताट मागे घेतलं तेव्हा समजलं. तेराव्यानंतर मुलगी परत गेली. निघताना तिनं मला धरून ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, आप कुछ बोलते क्यों नहीं?" मी म्हणालो, "बोलतो की." खरोखरच मी बोलत होतो. दूधवाल्याशी, विभागप्रमुखांशी, सगळ्यांशी.

ताई मात्र राहिली. "तू माणसात येईपर्यंत मी हलायची नाही," म्हणाली.

बायकोचा मोबाइल मी चार्ज करून ठेवत होतो. का, ते विचारू नका, संध्याकाळी स्वतःचा लावताना तिचाही लावायचो इतकंच. एका सकाळी तो वाजला. मिस्त्रीचा फोन होता, फ्लॅटमधलं काम करणारा सुतार. मागे लाकूड कापायच्या यंत्राचा आवाज येत होता.

"नमस्ते जी. मैडम से बात करा दो. वार्डरोब का कलर फाइनल नहीं हुआ, मेरा काम अटका हुआ है."

"मैडम नहीं रहीं," मी म्हणालो.

"जी?"

"उनकी डेथ हो गई. पिछले महीने."

त्यानं कोणाला तरी ओरडून यंत्र बंद करायला लावलं.

"सरजी," तो मग म्हणाला, "काम रोक दूँ?"

"नहीं. चालू रखिए."

काम थांबवायचं म्हणजे त्याला तसं सांगायचं, मग कधीतरी पुन्हा बोलवायचं, त्यासाठी पुन्हा काही ठरवायचं. चालू ठेवायला काहीच करावं लागत नव्हतं. म्हणून मी चालू ठेवा म्हणालो. ताईला मात्र ते आवडलं. "तिची इच्छा होती, पुरी कर," म्हणाली. मी हो म्हणालो.

मग ते दोन तुकडे शोधायला लागलो. स्वयंपाकघरात खिडकीच्या कट्ट्यावर, मिक्सरच्या मागे सापडले. दोन्ही तुकड्यांवर पिवळे वाळलेले डाग होते. आधी मला कळेना हे काय आहे. मग वास घेतला. हळद. शेजारी चहाचं गोल वाळलेलं वर्तुळ, आणि एका कोपऱ्यात तेलाचा ओघळ. कुठला रंग डाग धरतो हे तिनं तपासायला ठेवलं होतं आणि मग ती कामावर गेली होती.

मी ओल्या फडक्यानं पुसलं. दोन्ही स्वच्छ निघाले. महिनाभर वाळलेली हळद, पण कशाचा मागमूस नाही. मला तसंच होणार हे माहीत होतं. मेलामाइन एकदा तापून घट्ट झालं की ते काही शोषून घेत नाही, पाण्यात विरघळत नाही, पुन्हा तापवलं तरी वितळत नाही. कितीतरी वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. मी ते तुकडे शेजारी-शेजारी ठेवले आणि बघत राहिलो. निळा निळा होता, सागवानी सागवानी होता. यापलीकडे मला काही वाटेना. मला सागवानी हवं होतं हे आठवत होतं, पण का हवं होतं ते आठवत नव्हतं.

ताई पदराला हात पुसत आली. "हे लाकडाचं छान आहे की. घर कसं भरल्यासारखं दिसतं."

"तिला नको होतं."

"मग ते दुसरं लाव."

"मग हे तिनं घरी का आणलं?"

ताई परत ओट्याकडे वळली. खरं तर मी तिला खिजवायला विचारलं नव्हतं, मला खरोखरच कळत नव्हतं. दुकानात इतकं भांडून तिनं माझा तुकडाही पिशवीत घातला होता, त्यालाही हळद लावली होती.

दोन्ही तुकडे घेऊन मी दुकानात गेलो. बाईंना मिस्त्रीकडून समजलं होतं. त्या काउंटरच्या मागून उठून बाहेर आल्या, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी वाहेगुरूचं म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, चहा मागवला. मग दोन्ही तुकडे बघितले.

"तो कौन सा करें, डॉक्टर साब?"

मी तुकड्यांकडे बघत राहिलो. पंख्याचा वारा लागून नमुन्यांच्या पुस्तकाची पानं फडफडत होती. एक गिऱ्हाईक आत आलं, त्यांनी त्याला खुणेनंच थांबवलं. त्यांना घाई नव्हती, पण मला वाटलं आता काहीतरी बोललं पाहिजे.

"दोनों," मी म्हणालो.

"दोनों?"

"एक दरवाज़ा ये, एक दरवाज़ा वो."

बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "ठीक है जी. आजकल चलता है. डुअल टोन कहते हैं."

अशी माझ्या कपाटाला दोन रंगांची दारं आली. पुढे जो कोणी फ्लॅट बघायला येई तो हमखास विचारी, डिझायनर कोण होता? मी सांगायचो, आम्हीच केलं. लोकांना ते फार आवडतं. खालच्या मजल्यावरच्या जोडप्यानं तर फोटो काढून नेला आणि आपल्या घरी तसंच करून घेतलं.

मिस्त्री अधूनमधून फोन करून विचारायचा. मॅडमच्या बाजूची कपडे टांगायची दांडी खाली घ्यायला सांगितली होती, त्यांचा हात पोचेल अशी, ती तशीच ठेवू का? साड्यांसाठी रुंद फळ्या करायच्या होत्या, त्या करू का? मी दर वेळी एकच सांगायचो, मैडम ने जैसा कहा था वैसा बनाइए. त्यालाही बरं वाटायचं, मलाही विचार करावा लागायचा नाही. फक्त स्वयंपाकघराच्या कपाटांचं तिनं काहीच सांगितलेलं नव्हतं. तिथे मिस्त्री अडला. मी म्हणालो, आत्ता राहू द्या. ओट्याखाली नुसते उघडे खण राहिले.

मे महिना लागला. उन्हाळा असा की दुपारी कॅम्पसवर कुत्रंही दिसायचं नाही. ताईला फ्लॅट बघायचा होता. कपाटं उभी झालीत असं मिस्त्रीनं कळवलं होतं, म्हणून एका दुपारी आम्ही निघालो. झिरकपूरच्या चौकात नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. ताई खिडकीतून एकामागे एक उभ्या इमारतींकडे बघून म्हणाली, "एवढी माणसं येतात तरी कुठून रे?" मी म्हणालो, "आपल्यासारखीच. बदलीनं, नोकरीनं." ती पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. माझ्याशी बोलणं म्हणजे दगडावर पाणी, असं तिनं मुलीला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं होतं.

फ्लॅटचं दार उघडलं आणि वास आला. बाहेर लूचा गरम वारा सुटला होता, धूळ येऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या बंद. बोर्ड नुकतेच कापलेले, कडांना पट्टी लागायची होती, उघड्या कडांमधून भुसा दिसत होता. त्या भुशाला धरून ठेवणाऱ्या गोंदात फॉर्माल्डिहाइड असतं. ते हळूहळू हवेत सुटत राहतं, उष्म्यात जास्तच. बंद खोलीत, मे महिन्यात, एवढे सगळे नवे बोर्ड. मला पहिल्याच श्वासाला ते काय आहे हे कळलं. प्रयोगशाळेत आयुष्य गेलं, तो वास मी झोपेतही ओळखीन.

मिस्त्री झोपायच्या खोलीत होता. मी आत गेलो, कपाटासमोर उभा राहिलो. एक दार निळसर, एक सागवानी. दारांवर अजून पातळ प्लॅस्टिक होतं. मिस्त्रीनं तिच्या बाजूचं दार उघडून दाखवलं, आत वास आणखी कोंडलेला. मी वाकून फळ्या पाहिल्या आणि माझे डोळे चुरचुरायला लागले. मग पाणी यायला लागलं. नाकही वाहायला लागलं. मी रुमाल शोधला, तो गाडीत राहिला होता. शर्टाच्या बाहीनं पुसलं तर आणखी पाणी आलं. पाणी गालावरून खाली हनुवटीपर्यंत.

ताई मागून आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग उघड्या कपाटाकडे, त्या खाली घेतलेल्या दांडीकडे. तिनं हातातली पर्स खाली टाकली आणि मला कवेत घेतलं.

"रड," ती म्हणाली. "रड रे बाबा. किती दिवस आत कोंडून ठेवलंयस."

"ताई, हे—"

"काही बोलू नकोस. नुसता रड."

आणि ती स्वतःच हुंदके द्यायला लागली. ती माझ्यापेक्षा बुटकी आहे. मला वाकून उभं राहावं लागलं होतं आणि तिच्या पदराला लावलेल्या पिनेचं टोक माझ्या गालाला टोचत होतं. ते मला जाणवत होतं. बाकी काही नाही. माझे डोळे धारांनी वाहत होते आणि आत मी पूर्वी होतो तसाच होतो, कोरडा, शांत, पाठीला रग लागलेला. मिस्त्रीनं खांद्यावरचा गमछा काढून हातात घेतला, मान खाली घातली आणि तो बाल्कनीत निघून गेला. त्यानं बाल्कनीचं दार उघडलं तशी गरम हवा आत आली.

मला सांगता आलं असतं. पण ताईचं सगळं अंग हलत होतं. गेले कित्येक महिने तिचा रक्तदाब, तिचं घर, तिची कामं सोडून ती माझ्यासाठी अडकून पडली होती, रोज सकाळी माझ्या तोंडाकडे बघून दिवस कसा जाणार हे ठरवत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि उभा राहिलो. थोड्या वेळानं म्हणालो, "चल, बाहेर जाऊ. इथे फार उकडतंय."

गाडीत बसलो, एसी लावला, लगेच डोळ्यांतलं पाणी थांबलं. ताई माझ्या खांद्यावर हात ठेवून बसली होती. तिचा चेहरा मोकळा झाला होता. वाटेत तिनं मला गाडी थांबवायला लावून उसाचा रस घेतला, दोन ग्लास प्यायली. "आता माझ्या जिवाला बरं वाटलं," म्हणाली.

ती बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडे गेली. ताईनं कराडला फोन केला, मिरजेला माझ्या सासुरवाडीला केला, मुलीला केला. आतल्या खोलीतून आवाज येत होता, "हो, रडला. अगं, कपाट उघडलं आणि बांध फुटला नुसता." मग मुलीचा मला फोन आला. "बाबा, आत्या ने बताया. आय ॲम सो ग्लॅड. अब ठीक लग रहा है?"

"हो," मी म्हणालो. "बरं आहे."

"पक्का?"

"पक्का."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीचासुद्धा फोन आला. काम काहीच नव्हतं. "सरजी, तबियत ठीक है?" एवढंच विचारलं आणि ठेवला.

आठवड्याभरात ताई निघाली. दिल्लीहून तिची गाडी होती. सेक्टर त्रेचाळीसच्या स्टँडवर मी तिला दिल्लीच्या बसमध्ये बसवलं. खिडकीतून हात काढून तिनं माझ्या गालाला लावला. तिला वाटत होतं की ती एक काम पुरं करून चालली आहे. बस सुटल्यावर मी फलाटावरच्या बाकावर बसलो. शिमल्याच्या, अमृतसरच्या, कटऱ्याच्या बस लागत होत्या, कंडक्टर ओरडत होते. मी किती वेळ बसलो ते आठवत नाही. कुठे जायचंय, असं एका कंडक्टरनं येऊन विचारलं तेव्हा उठलो.

जूनअखेर निवृत्त झालो. विभागात निरोपाचा समारंभ झाला, शाल मिळाली. क्वार्टर रिकामं केलं आणि झिरकपूरला राहायला गेलो. पहिलं काम म्हणजे सगळी कपाटं आणि सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकल्या. पावसाळी ओलाव्यात वास आणखी वाढला, मग हळूहळू कमी होत गेला. अधूनमधून कपाट उघडलं की डोळे चुरचुरत. एकदा शेजारच्या आजी साखर मागायला आल्या, त्यांनी माझे लाल डोळे पाहिले आणि दुसऱ्या दिवशी राजमा-चावलचा डबा आणून दिला. तेव्हापासून त्या दर आठवड्याला देतात.

माझे कपडे मी सागवानी दाराआड लावले. तिच्या बाजूला तिच्या साड्या, तिच्या फळ्यांवर. दार बंद असलं की त्या दिसत नाहीत.

दिवाळीला मुलगी आली. मी तिला दुसरी खोली दिली. तिनं घरभर फिरून बघितलं, स्वयंपाकघरात गेली, उघड्या खणांतली भांडी वाकून पाहिली. मग आमच्या खोलीत येऊन कपाटासमोर जमिनीवरच बसली.

"यहीं रोए थे आप?"

मी पलंगावर बसलो होतो, इस्त्रीच्या कपड्यांची घडी करत. खोटं बोलायचं काही कारण मला दिसेना.

"मी रडलो नव्हतो," मी म्हणालो. "बोर्डचा वास होता तो. नवे होते ना. फॉर्माल्डिहाइड."

तिनं वर पाहिलं. "क्या?"

"डोळ्यांना झोंबतं ते. पाणी येतं. आत्याला वाटलं रडतोय."

ती बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं. इतकी हसली की कपाटाला टेकून खाली घसरली. "मतलब पूरा कराड... मिरज... सब लोग... बाबा, मामी ने तो मुझे फोन करके बोला था कि उन्होंने पेढे बाँटे हैं!" मलाही हसू आलं. पेढ्यांचं मला माहीत नव्हतं. हसता हसता ती रडायला लागली. तिचं ते नेमकं कुठे बदललं हे मला कळलं नाही.

मी उठून तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. मला रडू आलं नाही. पण तोवर माझं असं झालेलं होतं की कोणी रडायला लागलं की मी चहा टाकायला उठायचो, आणि त्या वेळी मी उठलो नाही. बसून राहिलो. ती म्हणाली, "आत्या को मत बताना." मी म्हणालो, "नाही सांगणार." मग थोड्या वेळानं, नाक पुसत, ती मराठीत म्हणाली, "आणि नाही रडलास तरी चालेल." तिनं मला असं अरेतुरे कधी केलं नव्हतं. मराठीतले तू आणि तुम्ही तिचे इतरांशी बोलतानाही चुकतात.

पाडव्यानंतर ती मला ओढून दुकानात घेऊन गेली. "किचन ऐसे नहीं रहेगा," म्हणाली. दुकानाच्या बाईंनी तिला जवळ घेतलं, तिच्या हनुवटीला धरून तोंड वर केलं आणि "बिल्कुल मैडम जैसी" म्हणाल्या. ती तशी नाही, ती माझ्या आईसारखी दिसते. बाईंनी नमुने काढले. स्वयंपाकघराला आजकाल चमकणारे रंग चालतात म्हणून एक लालभडक बोर्ड उचलून उजेडात धरला. आरशासारखा, त्यात बाईंच्या अंगठ्या आणि दुकानाच्या ट्यूबलाइट दिसत होत्या.

"नको," मी म्हणालो. मराठीतच. "हा नको. फार वाईट आहे."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं आणि बोर्ड खाली ठेवला. शब्द त्यांना कळला नव्हता, पण भाषांतराची गरज पडली नाही. मी स्वतःही जरा चमकलो. तो लाल रंग मला खरोखरच आवडला नव्हता. गेल्या कित्येक महिन्यांत मला काही न आवडल्याचं मला आठवेना. मी आणखी दोन-तीन नमुने बघितले, तेही नको म्हणालो. तिसऱ्याला तर जरा रागावूनच म्हणालो. मुलगी पुस्तकाआड तोंड लपवत होती.

शेवटी आम्ही साधा सायीच्या रंगाचा घेतला, जो या इमारतीत निम्म्या घरांत आहे. आमचा मिस्त्री तेव्हा पुतणीच्या लग्नासाठी गावी गेलेला होता, म्हणून बाईंनी दुसरा पाठवला. त्यानं घाईत दारं बसवली. गॅसच्या खालचं एक दार जरा तिरकं आहे, बंद होताना शेजारच्या दाराला घासतं. बिजागरीचा स्क्रू आवळला की होईल. स्क्रूड्रायव्हर मी काढून ओट्यावर ठेवला आहे.